चिमीचा देश

“बाई, चिमी मला शिजवून खाते म्हणते!”

मधल्या सुट्टीत मी वर्गात बसून पाट्या तपासत होते. दारात अनघा भोकाड पसरून उभी होती. एका पायात चप्पल, दुसरी बहुतेक पळताना निसटलेली.

“कोण शिजवतंय तुला? चल बघू,” म्हणून मी तिचा हात धरून बाहेर आले.

लिंबाच्या झाडाखाली शाळेचा एक कोरडा हौद होता. त्यात कधी पाणी आलं नाही, त्यामुळे पोरांनी तो खेळायला घेतला होता. हौदात रघू बसलेला, दोन्ही हात पाठीमागं बांधल्यासारखे धरून. भोवती पहिलीतली सगळी पोरं “हुंबाला, हुंबाला” करत नाचत होती. आणि हौदाच्या काठावर काठी घेऊन चिमी उभी होती. मला बघताच ती काठी टाकून खाली उतरली.

“चिमे, काय चाललंय?”

“खेळ,” ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली.

“कढईचा खेळ आहे बाई,” रघू हौदातूनच ओरडला. “मी साहेब. मी शिकारीला आलो होतो. ह्या जंगली माणसांनी मला धरलं. आता शिजवणार.”

“आणि अनघा?”

“ती मेमसाहेब. तिलापण धरलं होतं, पण ती रडली अन् पळाली. बाई, मेमसाहेबनं पळायचं नसतं ना?”

“रोज माझ्यावरच राज्य असतं,” चिमी हळूच म्हणाली.

“मग तुझ्यावर नाही तर कुणावर?” रघू म्हणाला. “तू तिथलीच की!”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दोन आणि दोन चार म्हणावं तसं त्यानं ते म्हटलं.

परभणीला कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या फाटकापासून चार पावलांवर आमची लहानशी शाळा होती. विद्यापीठातले शिपाई, माळी, कारकून, प्राध्यापक, सगळ्यांची पोरं पहिली-दुसरीला माझ्या हाताखालून जायची. म्वालेसाहेब आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशातून ज्वारीवर डॉक्टरेट करायला आले होते. त्यांची ही एकुलती एक मुलगी. खरं नाव चिसोमो. हजेरी घेताना पहिल्याच दिवशी माझी जीभ अडखळली, तेव्हा मागून कुणीतरी “चिमी” म्हणालं, आणि ती चिमीच झाली. आली तेव्हा ती तीन वर्षांची होती. पहिलीत येईपर्यंत आमच्या पोरांसारखं मराठी बोलायला लागली होती, “कामून?” म्हणून विचारायची, रागावली की “जाय तिकडं” म्हणायची. वाचनात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा शिकवलेलं अक्षर तिला पुन्हा दाखवावं लागत नसे. मी आयुष्यभर पोरं शिकवली, पण तशी चार-दोनच वाट्याला आली.

कढईचा खेळ गणपतीनंतर सुरू झाला. कॉलनीच्या मंडळानं वर्गणीतून व्हिडिओ भाड्यानं आणला होता. मैदानात पडदा नव्हता, टीव्हीच टेबलावर ठेवलेला. त्यावर जंगलाचा कुठलासा पिक्चर लावला. गोरा शिकारी, त्याची बायको, आणि अंगाला पानं बांधलेली काळी माणसं. मी पाच मिनिटं पाहिला आणि घरी गेले. पोरांनी मात्र तो पुरता पाहिला. चिमीनंही.

संध्याकाळी म्वालेसाहेब सायकलवर मुलीला न्यायला आले. माणूस एवढा उंच, की सायकल त्यांच्याखाली खेळण्यातली वाटायची. त्यांचं मोडकं मराठी आणि माझं मोडकं इंग्रजी यांच्यात आमचं बोलणं चाले. मी कढईच्या खेळाचं त्यांना जमेल तसं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते तर खो खो हसले.

“मॅडम, मला विचारा मी काय समजून आलो होतो! आमच्या गावाजवळच्या शहरात गुजराती दुकानदारांचं थिएटर होतं. तिथं दर शनिवारी हिंदी पिक्चर. मी शाळा बुडवून जायचो. मला पक्कं माहीत होतं, हिंदुस्थान म्हणजे बर्फाचे डोंगर, आणि प्रत्येक डोंगरावर एक बाई गाणं म्हणते.” त्यांनी वसमत रोडकडे हात केला. “उतरलो परभणीला. डोंगर नाही. बर्फ नाही. बाभळी आहेत. मी बायकोला, मर्सीला म्हटलं, थांब, गाणाऱ्या बायका पुढच्या स्टेशनावर असतील.”

मीही हसले. हसणं ओसरल्यावर ते जरा वेळ सायकलची घंटी उगाच वाजवत राहिले.

“पण एक सांगतो, मॅडम. तिला घरचं काही आठवत नाही. माझी आई निरोप पाठवते, नात मला ओळखेल का? मी कळवतो, हो, ओळखेल. आम्ही घरी आजीचं सांगायला लागलो की चिसोमो कानांत बोटं घालते. मराठीत काहीतरी म्हणते आणि पळते. तुमचं ती ऐकते. बाईंनी सांगितलं की ते खरं, असं म्हणते. माझं काम संपलं की आम्हाला परत जायचंय. त्याच्या आधी तुम्ही तिला तिचा देश शिकवाल?”

मी हो म्हणाले. त्यात मला काहीच अवघड वाटलं नाही. शिकवणं हेच तर माझं काम होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. मर्सीनं, चिमीच्या आईनं, मला ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड खायला घातली, आपल्या आंबिलीच्या जवळची. ती फार थोडं बोलायची, पण देशाचं विचारल्यावर तिला थांबवता येईना. म्वालेसाहेब इंग्रजीत सांगत गेले, मी डोक्यात साठवत गेले. मोठं थोरलं तळं, त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. काठाला आजीचं घर. आजी बोटभर मासे बोरूच्या मांडवावर उन्हात वाळवते. कंबरेला रंगीत कापड गुंडाळते, त्याच कापडानं पाठीवर नातवंडं बांधते. रविवारी चर्चमध्ये एवढ्या मोठ्यानं गाते, की पाद्री तिला पुढं बसू देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातली सगळी बसकरं उचलायला लावली आणि फरशीवर निळ्या खडूनं ते तळं काढलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काठाला घर काढलं, मासे काढले, आजी काढली. पोरं तळ्याच्या कडेनं बसली. चिमीला मी आजीच्या शेजारी बसवलं.

“हा चिमीचा देश,” मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. चर्चमध्ये गाणाऱ्या आजीला पोरं खूप हसली. चिमीसुद्धा हसली. मला वाटलं, जमलं.

मग रघूनं हात वर केला.

“बाई, जंगली माणसं काढायची राहिली.”

“तिथं जंगली माणसं नसतात, रघू. तुझ्या-माझ्यासारखीच असतात. शेती करतात, मासे धरतात, शाळेत जातात.”

“पण आम्ही बघितली की. पिक्चरमध्ये.”

“पिक्चर खोटा असतो.”

“सगळे?”

“बहुतेक सगळे.”

“मग देवाचा पिक्चरपण खोटा?”

चाळीस डोळे माझ्याकडे लागले. गणपतीत देवाचाही एक पिक्चर लावला होता आणि टीव्हीसमोर नारळ फोडला होता. मी म्हणाले, “तो वेगळा.” पोरांना ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. मला तरी कुठं पटलं होतं?

आता चिमीनं हात वर केला. “बाई, जंगली माणसं तळ्याच्या अलीकडं राहतात का पलीकडं?”

“अगं, नाहीतच ती.”

“मग पिक्चरमध्ये कुठनं आणली?”

“ते नट असतात. तोंडाला काळा रंग लावतात आणि नाचतात. घरी गेल्यावर धुऊन टाकतात.”

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. हात उलटा केला, सुलटा केला. मग दुसऱ्या हाताच्या बोटाला थुंकी लावून मनगटावर हळूहळू घासू लागली. कुणाला दिसू नये असा हात तिनं मांडीआड धरला होता. मला मात्र दिसलं.

मी खचले नाही. लहान मुलाला एक गोष्ट दहा वेळा सांगावी लागते, अकराव्या वेळी ती त्याची होते, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. मी ते तळं पुसू दिलं नाही. रोज तासाच्या शेवटी त्यात काहीतरी भर घालायची. एक होडी. एक कोंबडा. चिमी हळूहळू त्यात रमली. एके दिवशी तिनं स्वतः खडू घेऊन आजीला चष्मा काढला. “आजीला चष्मा आहे का, पप्पांना विचारून येते,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी धावत आली, “आहे, बाई! आहे!” त्या दिवशी मी घरी जाताना गाणं गुणगुणत गेले असेन.

मग स्नेहसंमेलन आलं.

आमच्या शाळेत संमेलन म्हणजे पाथ्रीकर सर. तिसरीचे शिक्षक, गोड गळ्याचे, पोरांसाठी जीव टाकणारे. स्वतःच्या खिशातून कागदाच्या पताका आणायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी घोषणा केली, “यंदा प्रमुख पाहुणे म्वालेसाहेब! आपल्या शाळेला परदेशी पाहुणा, बाई! आणि त्यांच्या स्वागताला पहिलीचा नाच. त्यांच्याच देशाचा!”

“कोणता नाच?” मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

“जंगलचा. पानं बांधायची, तव्याची काजळी लावायची, मधोमध कढई. पोरांचा आधीच बसलेला आहे हो, रोज हौदाजवळ करतात. मला फक्त ढोलकी द्यायचीय.”

“सर, त्यांच्या देशात असलं काही नसतं. त्या माणसाला काय वाटेल?”

“अहो बाई, आपण दरसाल कोळीनृत्य करतो. परभणीत कुठं समुद्र आहे? उद्या एखादा कोळी आला बघायला तर रागवेल का? उलट म्हणेल, वा, आमची आठवण ठेवली!”

“कोळी माणसं खात नाहीत, सर.”

“तुम्ही पण ना बाई, कुठल्या कुठं नेता. पोरांचा खेळ तो.” ते मनापासून हसले. “आणि चिमीला तर काजळीपण लावायला नको. आपला खर्च वाचला!”

मुख्याध्यापकांनीही हसून मान डोलावली. तेव्हा मी ठरवलं, निदान चिमीला त्यात जाऊ द्यायचं नाही. तिला बाजूला घेतलं. “तू नाच नको करू. माझ्याबरोबर कविता म्हण. एकटी, माईकवर.”

“सगळे नाचणार आहेत?”

“हो.”

“मग मीच कामून नाही?”

संमेलनात वर्ग नाचत असताना एकट्या पोराला बाजूला बसवलं, तर ते पोर आयुष्यभर विसरत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि मी तिला पाथ्रीकर सरांकडे घेऊन गेले.

“सर,” ती म्हणाली, “मला मेमसाहेब करा ना.”

सरांनी तिला उचलून टेबलावर उभं केलं. “तुला मेमसाहेब? अन् पाहणाऱ्यांनी ओळखायचं कसं? छे छे! तू राणी. जंगलची राणी. मेमसाहेबपेक्षा राणी मोठी असते का नाही?”

“असते,” चिमी म्हणाली.

“मग झालं तर!”

संमेलनाच्या दिवशी मैदानात मांडव घातला होता. आचाऱ्याकडून जिलबीची कढई आणली होती, तिच्याखाली तांबडा जिलेटिन कागद आणि त्यात बल्ब. पहिल्या रांगेत म्वालेसाहेब कोट घालून बसले होते, शेजारी मर्सी, तिनं कुणाकडून तरी साडी नेसून घेतली होती. मागं सगळी कॉलनी लोटली होती.

ढोलकी वाजायला लागली. काजळी फासलेली पोरं अशोकाची पानं हलवत आली. लोक आपापलं पोर ओळखत होते, “ए, तो आपला गोट्या बघ!” म्हणून हसत होते. रघूला आणि अनघाला दोरीनं बांधून कढईजवळ आणलं. मग चिमी आली. डोक्यावर कोंबड्याची पिसं, हातात काठी. हशा थांबला. ती खरोखर छान नाचली, तालाला पक्की. शेवटी ढोलकी थांबली. तिनं काठी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “शिजवा!”

टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. म्वालेसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपली मुलगी एवढ्या लोकांसमोर न घाबरता बोलली, याचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर होता. मर्सीचे हात मांडीवरच होते. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिनंही वाजवल्या.

बक्षिसं झाली. चिमी तशीच, पानांसकट, धावत आईबापांकडे आली. मी मर्सीच्या मागंच उभी होते. चिमी कढईकडे बोट दाखवून बापाला म्हणाली, “पप्पा, आजीच्या घरची कढई याच्यापेक्षा मोठी आहे?”

एवढं मराठी म्वालेसाहेबांना कळत होतं. बाजारातलंच होतं ते. आजी, कढई, मोठी. मुलीनं पुन्हा आपण होऊन आजीचं नाव काढलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. गावच्या लग्नांत आजीचं भांडं सगळीकडे फिरायचं, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. ते तिच्यापुढं गुडघ्यावर बसले, दोन्ही हात जेवढे लांब होते तेवढे पसरले आणि मराठीत म्हणाले, “मोठी! खूप मोठी! तू बसशील आत!”

भोवतीचे लोक हसले. तेही हसले. चिमी एक पाऊल मागं सरकली आणि माझ्या साडीला येऊन टेकली. तिच्या अंगावरची पानं थरथरत होती.

लोक पांगल्यावर मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. यावेळी ते हसले नाहीत. तांबड्या बल्बकडे बघत म्हणाले, “मॅडम, मीपण चुकीचं डोक्यात घेऊन आलो होतो. आल्यावर एका दिवसात गेलं. तिचंही जाईल. आजीला बघितलं की जाईल.”

“तुम्ही गाणाऱ्या बायका शोधत आलात, साहेब,” मी म्हणाले.

त्यांना ते कळलं.

त्यानंतर चिमी वर्गात येई, वाची, लिही. पण फरशीवरच्या तळ्यावर पाय पडू देत नसे. कडेकडेनं भिंतीला धरून जागेवर जाई. मी आजीचं काढलं की “हो बाई” म्हणे. काहीही विचारलं तरी “हो बाई”. तिचा प्रश्न विचारणारा हात पुन्हा वर झाला नाही. मी तिला घरी बोलावलं, मांडीवर घेतलं, पुन्हा पुन्हा समजावलं, पप्पांनी गंमत केली होती गं, म्हणून सांगितलं. ती समजूतदारपणे ऐकून घ्यायची. मोठी माणसं आजाऱ्याला धीर देतात, तेव्हा आजारी माणूस ऐकतो तशी.

मे महिन्यात त्यांचं काम संपलं. मनमाडला गाडी बदलून मुंबई, आणि तिथून विमान. मी आणि पाथ्रीकर सर स्टेशनावर गेलो. सरांनी म्वालेसाहेबांसाठी हार आणला होता आणि चिमीसाठी लाकडी बैलगाडी. सामान मोजण्यात आईबाप गुंतलेले बघून चिमीनं माझा हात धरला आणि मला बाकड्यामागं नेलं.

“बाई, मला ठेवून घ्या.”

“असं कसं, बाळ? आजी वाट बघतेय.”

“मी भांडी घासीन. झाडून घेईन. रडणार नाही.”

“चिमे, तिथं भिण्यासारखं काही नाही. मी सांगितलंय ना तुला?”

तिनं मान वर केली. “तुम्ही गेला होता तिकडं?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं माहीत?”

“पुस्तकात असतं. तुझ्या मम्मीनं सांगितलं.”

“मी बघितलंय,” ती म्हणाली.

पाथ्रीकर सर बैलगाडी घेऊन मागं येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते एकदम खाली बसले. “अगं येडे, तो नाच होता! मीच बसवला की तो. खोटा होता सगळा!”

“तुम्हाला माहीत होतं म्हणूनच बसवला ना, सर?”

सरांनी बैलगाडी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, कारण मोठ्यांनी दिलेलं घ्यायचं असतं, हे तिला शिकवलेलं होतं.

“बरं, तुझे मम्मी-पप्पा तिथलेच ना?” मी शेवटचा प्रयत्न केला. “ते कसे आहेत? चांगले आहेत ना? मग?”

तिनं आजूबाजूला बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “इथं चांगले राहतात, बाई. इथं सगळे बघतात म्हणून. तिथं गेल्यावर तेपण तसेच होतील.”

गाडीची शिट्टी झाली. म्वालेसाहेबांनी येऊन माझ्या पायाला हात लावला, आमच्या पोरांकडून शिकले होते ते. मग मुलीला उचललं. मला वाटलं, ओरडेल, हातपाय झाडेल. तिनं काहीच केलं नाही. पोतं उचलावं तशी ती गेली, दोन्ही हात अंगाला चिकटवून. त्यांनी तिला खिडकीशी बसवलं, शेजारी मर्सी बसली. चिमीनं गज घट्ट धरले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीशी उभी. मी नुसती तिच्या बोटांवर हात ठेवून राहिले. बोटं थंडगार होती, मे महिन्यात.

मर्सीला वाटलं, पोर शाळा सोडून जायचं म्हणून हिरमुसलंय. तिनं सोललेलं केळं पुढं केलं. चिमीनं घेतलं नाही. गाडी हलली. माझा हात सुटला. मर्सीनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, तिच्या भाषेत काहीतरी लाडाचं बोलली आणि तिला धीर यावा म्हणून तोंडभर हसली, सगळे दात दिसतील अशी, घरी निघालेली बाई हसते तशी.

चिमीनं डोळे घट्ट मिटून घेतले.